मोसंबीच्या मापाची टोपी

माझी नात एकतिसाव्या आठवड्यातच आली. वजन १२४० ग्रॅम. आमच्या घरी रविवारी मटण याहून जास्त येतं. (तुलना वाईट आहे, पण तेव्हा डोक्यात हेच आलं.)

नवजात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी ३७ दिवस काढले. अशा बाळाच्या कातडीखाली चरबी फारशी नसते, डोकं अंगाच्या मानानं मोठं, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते, हे तिथंच कळलं. म्हणून टोपी. आणि म्हणूनच आईच्या उघड्या छातीवर बाळ बांधून ठेवायचं, कांगारू पद्धतीनं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या (इन्क्युबेटर) कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली.

नात घरी आल्यावर कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या आमच्या भिशीत विषय काढला. चौदा जणी, एका महिन्याची भिशी त्या वॉर्डला. सिस्टरांनी आधीच बजावलं, "मावशी, खेळणी नकोत, फुगे नकोत. मऊ सुती टोप्या द्या, गोंडा नको." शेजारच्या वहिनींची पहिली टोपी नारळाला बसली असती! मग आम्ही मोठ्या मोसंबीवर माप धरलं.

खरा खर्च मात्र डब्यांचा. राधानगरी, गगनबावड्याकडच्या आया दर दोन-तीन तासांनी दूध काढतात आणि वडापाववर दिवस ढकलतात. तालमीतली पोरं म्हणाली, "काकू, डबा आम्ही पोचवतो की!"

काल भाकरी, मुगाची आमटी होती. तिखट कमी घातलं म्हणून पोरंच कुरकुरली.