वाढवलेली खोली

लहानपणी आमच्या घरात एक 'वाढवलेली खोली' होती. म्हणजे मुळात गॅलरी. बाबांनी ती पत्रे ठोकून बंद केली आणि दर जूनला तिथे एखादा परगावचा कॉलेजातला मुलगा राहायला येऊ लागला. आई त्याला पाहुणा म्हणायची, शेजारच्या काकू त्या खोलीला अतिक्रमण म्हणायच्या. भाडं वेळेवर यायचं, त्यामुळे वाद वाढला नाही.

भाचीकडे बोलोन्याला गेले, तेव्हा ही खोली फार आठवली. इटलीतल्या या गावाच्या विद्यापीठाचं जन्मसाल १०८८ धरतात. शिकायला मुलं लोटली, गावाला तट, जागा तेवढीच. मग घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले. पुढे काढलेलं खाली येऊ नये म्हणून लाकडी खांबांचे टेकू लावले. झालं, खाली आपोआप पडवी तयार! आपल्याकडे यापुढचं प्रकरण हातोड्यापर्यंत गेलं असतं. बोलोन्याच्या कारभाऱ्यांनी उलटंच केलं. १२८८ मध्ये त्यांनी नियमच काढला, की घराला पडवी हवीच. जागा मालकाची, डागडुजी मालकाची, वाट मात्र सगळ्या गावाची. आणि उंची एवढी, की घोड्यावर बसलेला माणूस खालून जावा. पुढे १५६८ मध्ये लाकडी खांब काढून विटा-दगडाचे घालायचा हुकूम निघाला. तो सगळ्यांनी पाळला नाही, हे बरं झालं. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर काझा इझोलानी नावाच्या घरापुढे तेराव्या शतकातले ओकचे सोट अजून उभे आहेत, सुमारे नऊ मीटर उंच. मी त्यांना हात लावून पाहिला. आजोळच्या माजघरातल्या खांबासारखाच गुळगुळीत स्पर्श.

या पडव्यांना तिथे पोर्तिको म्हणतात. सगळ्या मिळून भरतात ६२ किलोमीटर! सर्वात लांब आहे ती डोंगरावरच्या सान लूकाच्या देवळाकडे जाणारी, ६६६ कमानींची. १४३३ मध्ये पाऊस थांबेना, पिकं बुडायला आली, म्हणून तिथली मेरीमाता मिरवत गावात आणली आणि पाऊस थांबला, असं सांगतात. तेव्हापासून दरवर्षी मिरवणूक. १६७४ मध्ये तिच्या वाटेवर हे छप्पर घालायला घेतलं. पाऊस थांबवणाऱ्या देवीलाच पावसापासून आडोसा!

विद्यापीठाला स्वतःची एकत्र इमारत मिळाली ती थेट १५६३ मध्ये. तिचं नाव आर्किजिन्नाझिओ. भिंतींवर, छतांवर जिकडेतिकडे जुन्या विद्यार्थ्यांची कुलचिन्हं, हजारोंनी. बाकांवर नाव कोरायची हौस इथे रीतसर रंगवून भागवलेली दिसते. तिथलं लाकडी शरीररचना-दालन १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात कोसळलं. ढिगाऱ्यातले तुकडे वेचून पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. आणि गावातला असिनेल्ली मनोरा? पदवीच्या आधी चढलं तर पदवी मिळत नाही म्हणे. भाचीने खालूनच दाखवला.

तिच्याकडे छत्री नाही. दुसऱ्या दिवशी धो-धो पाऊस लागला, तरी आम्ही बाजारात जाऊन भाजी घेऊन परत आलो, चपला तेवढ्या जरा ओलसर. तिची खोली नेमकी पडवीच्या वर. रात्री अंथरुणावर पडले तर खालून चालणाऱ्यांची पावलं, हसणं, सायकलची घंटी. मी भाडं विचारलं. तिने आकडा सांगितला.

मी म्हटलं, "आमच्या गॅलरीत पंखा तरी होता."