अचूक मारा करणारी जुनी नळी रीबोर (आतून मोठ्या कॅलिबरला कोरून) करावी का?

विंचेस्टर ९४ ही रायफल अजून नीट ग्रुप देत असेल (गोळ्या जवळजवळ लागत असतील) तर नळीला हात लावू नका. मारा पसरू लागलाच, तर आधी आतला तांब्याचा थर पूर्ण काढा आणि नळीचं तोंड भिंगाखाली पाहा. या रायफलीत सफाईचा गज तोंडाकडूनच घालावा लागतो; घासून घासून तिथल्या रायफलिंगच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) कडा झिजतात. क्राउन (नळीच्या तोंडाची कड) नव्याने कापला की बरेचदा तेवढ्यावर भागतं.

आत गंजाचे खोल खड्डे असतील तरच .३०-३० काडतुसाची नळी .३८-५५ काडतुसासाठी करा. ही रायफल १८९४ मध्ये .३८-५५ मध्येही आली होती, काडतुसाच्या बुडाची कड म्हणजे रिमही सारखीच. पण ग्रूव्हचा (खाचांच्या तळापर्यंतचा) व्यास ०.३०८ वरून साधारण ०.३७५ इंचावर जातो, म्हणून साइट बसवायच्या खाचेखाली (डव्हटेलखाली) किती धातू उरेल ते आधी मोजा. काम झाल्यावर नळीवर नवं कॅलिबर ठळक कोरून घ्याच.