आईला बघायचं राहून गेलं

बुंदीला, आमच्या कुत्रीच्या पिल्लाला, घरी आणलं त्या शनिवारी मी विकणाऱ्या माणसाला सगळं विचारलं होतं. लसी कुठल्या झाल्या, जंताचं औषध कधी दिलं, खायला काय घालता, मोठी झाल्यावर वजन किती भरेल. एकच विचारलं नाही, की हिची आई कुठे आहे.

आम्ही पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला राहतो. लँकेस्टर काउंटी इथून तासाभरावर. भारतातून कुणाचे आईवडील आले की त्यांना आमिश लोकांची, म्हणजे मोटार-ट्रॅक्टर टाळून जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, शेतं दाखवायला न्यायचं, हे इकडच्या मराठी घरांत ठरलेलंच असतं. रूट ३४० वरून बर्ड-इन-हँडकडे जाताना रस्त्याच्या कडेनं घोड्यांच्या बग्ग्या, दोरीवर ओळीनं वाळणारे एकरंगी कपडे, खेचरं जुंपून चाललेली नांगरट. तासगावहून आलेले माझे वडील गाडी थांबवायला लावून अर्धा तास बांधावर उभे राहिले होते. "ट्रॅक्टर यायच्या आदी आपल्याकडं बी असंच हुतं," म्हणाले. त्यामुळे मुलीसाठी पिल्लू शोधताना जाहिरातीत "आमिश कुटुंबाच्या फार्मवर वाढलेलं" असं दिसलं तेव्हा मला वेगळी खात्री करावीशी वाटलीच नाही. ते शब्दच मला पुरेसे वाटले.

अंगणात आम्हाला थांबवलं. आठ-नऊ वर्षांची, डोक्याला पांढरी टोपी बांधलेली मुलगी कोठारामागून पिल्लू घेऊन आली. मधाच्या रंगाचं, कॅव्हापू (कॅव्हेलियर आणि पूडल यांच्या संकराचं), नऊ आठवड्यांचं. कोठारामागे एक लांब, बुटकी शेड होती. आमची गाडी आत वळली तेव्हा तिथून एकदम भुंकण्याचा कल्लोळ उठला आणि मग बंद झाला. तो आवाज दोन-तीन कुत्र्यांचा नव्हता. मी तो ऐकला आणि माझ्या मुलीच्या, मुक्ताच्या हातातल्या पिल्लाकडे बघत राहिले. अकराशे डॉलर रोख दिले, आरोग्याची नोंद असलेला कागद आणि त्यांच्या सहीचं हमीपत्र घेतलं आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी बुंदीनं खाणं सोडलं. चौथ्या दिवशी रक्ताचे जुलाब. पाचव्या दिवशी श्वास लागला म्हणून मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून इमर्जन्सीत नेलं. जिआर्डिया, म्हणजे आतड्यातल्या परोपजीवीचा आजार, आणि त्यावर न्यूमोनिया. तीन रात्री ती ऑक्सिजनच्या काचपेटीत होती. बिल २६०० डॉलरच्या वर गेलं.

तिथल्या व्हेट, म्हणजे जनावरांच्या डॉक्टर, बाईंनी पहिल्याच रात्री मला बाजूला घेऊन सांगितलं, "विकत घेतल्याची तारीख लिहून ठेव. पेनसिल्व्हेनियात यासाठी कायदा आहे." इकडे त्याला पपी लेमन लॉ म्हणतात. लायसन्स असलेल्या केनेलमधून (कुत्री पाळून विकतात त्या जागेतून) किंवा दुकानातून घेतलेलं पिल्लू दहा दिवसांच्या आत संसर्गानं किंवा परोपजीवींनी आजारी पडलं, किंवा तीस दिवसांच्या आत त्यात जन्मजात दोष निघाला, तर घेणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. पिल्लू परत देऊन पैसे घ्यायचे, किंवा पिल्लू परत देऊन त्याच किमतीचं दुसरं घ्यायचं, किंवा पिल्लू ठेवून उपचाराचा खर्च मागायचा. हा खर्च मात्र खरेदीच्या किमतीपुरताच मिळतो. नुसते जंत सापडले म्हणून दावा लागत नाही, पिल्लू त्यामुळे खरोखर आजारी असावं लागतं. म्हणून व्हेटच्या दाखल्यात "खरेदीस अयोग्य" हे स्पष्ट लिहून घ्या. तो दाखला झाला की कामाच्या दोन दिवसांत विक्रेत्याला व्हेटचं नाव, पत्ता आणि फोन कळवायचा. ते चुकलं तर हक्क गेला. दाखला पाच दिवसांत त्याच्या हातात पडला पाहिजे आणि मग चौदा दिवसांत त्यानं पैसे द्यायचे. त्याला शंका असेल तर तो आपल्या व्हेटकडून पिल्लू तपासून घेऊ शकतो.

आमच्या विक्रेत्याच्या घरात फोन नव्हता. शेताच्या कडेला लाकडी खोपटात एक फोन, त्यावर व्हॉइसमेल. मी निरोप ठेवला, पण निरोपाचा पुरावा राहत नाही म्हणून त्याच दुपारी पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलनं पत्रही पाठवलं. ज्यांना हे करायची वेळ येईल त्यांनी पोस्टाची पावती आणि पोच दोन्ही जपून ठेवा. शेवटी माझ्या हातात तेवढंच होतं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज अगदी मवाळ. वाईट वाटलं म्हणाले आणि ते खोटं वाटलं नाही. मग म्हणाले, "तिला परत आणा, दुसरं पिल्लू देतो. त्याच वेताचं आहे."

कायद्यानं ते बरोबरच होतं. मी विचारलं, "हिचं काय कराल?" ते थोडं थांबून म्हणाले, "बघू, जगते का." मी बुंदी ठेवतेय, खर्च द्या, असं सांगून फोन ठेवला आणि बराच वेळ पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले.

त्या रात्री आण्णांना, माझ्या वडिलांना, फोन केला. त्यांना कुत्र्याचं इंग्रजी नाव वगैरे काही सांगितलं नाही, फक्त पिल्लू आजारी आहे एवढंच. त्यांचा पहिला प्रश्न, "माय कशी हाय तिची?"

मी म्हटलं, बघितली नाही.

"मायची कास न बघता रेडकू घेतलंस व्हय? तुला कुणी शिकवलं असं?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या गोठ्यात मी अठरा वर्षं काढली. म्हैस विकत घ्यायला आण्णा बाजारात जायचे तेव्हा ते तिचं तोंड, पाय, कास बघायचे आणि शक्य झालं तर तिच्या आईच्या गोठ्यापर्यंत जाऊन यायचे. म्हशी दुधासाठीच होत्या, भाकड झाल्यावर विकल्याही गेल्या, त्याबद्दल मला आज काही लपवायचं नाही. पण बेंदराला शिंगं रंगवलेल्या बैलापासून कोपऱ्यातल्या भाकड म्हशीपर्यंत प्रत्येकाला नाव होतं, आणि प्रत्येक जनावर दिवसातून एकदा तरी उन्हात बाहेर यायचं. आमिश शेतकरी कुत्र्यांना गुरांसारखं पाळतात, असं इथे त्यांचं समर्थन करणारेही म्हणतात आणि टीका करणारेही. हे वाक्य ऐकलं की मला आमचा गोठाच आठवतो आणि ते मला पटत नाही.

बुंदी घरी आल्यावर, तिला दर चार तासांनी औषध द्यायला उठायचं असायचं तेव्हा, मी वाचत बसायचे. राज्याच्या कृषी खात्याचे केनेल तपासणीचे अहवाल ऑनलाइन असतात, कुणीही बघू शकतं. आमच्या हमीपत्रावर लायसन्स नंबर होता. पिल्लू घेण्याआधी दहा मिनिटं लागली असती, मी ती नंतर दिली. अहवाल स्वच्छ होता. त्यात कुत्र्यांची संख्या असलेली ओळ मी तीनदा वाचली, पण उल्लंघन एकही नव्हतं.

मग कायद्याकडे वळले. २००८च्या जुलैमध्ये शेजारच्या बर्क्स काउंटीत दोन केनेलमालकांनी, व्हेटकडून तपासणी करून घ्या असा आदेश आल्यावर, आपली ८० कुत्री गोळ्या घालून मारली. तेव्हाच्या कायद्यात तो गुन्हा नव्हता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर एड रेंडेल यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्यानं कमर्शियल केनेलमध्ये पिंजऱ्यांना जाळीचा तळ बंद केला, वयानं मोठ्या कुत्र्यांचे पिंजरे एकावर एक रचणं बंद केलं, जागा दुप्पट केली, वर्षातून दोनदा व्हेटची तपासणी सक्तीची केली आणि कुत्र्याचा जीव फक्त व्हेटनंच घ्यायचा असं ठरवलं. देशातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी एक. पण कमर्शियल कुणाला म्हणायचं? जो दलालाला किंवा पेट शॉपला कुत्री विकतो, किंवा वर्षाला ६० पेक्षा जास्त विकतो त्याला. जो ६० च्या आत राहून थेट गिऱ्हाइकाला विकतो तो त्यात येत नाही. आणि समोरासमोर विकणाऱ्याला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, लायसन्सही लागत नाही. आमचा विक्रेता या दोन्हींच्या बाहेर होता.

तरी मी डॉग वॉर्डनकडे, म्हणजे केनेल तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, तक्रार केली. वॉर्डन बाईंनी जाऊन पाहिलं आणि मला फोन केला. बोलायला नीट होत्या, वेळ दिला. पाणी आहे, खाणं आहे, कागद आहेत, नियमभंग नाही. २०१७ मध्ये राज्याचा क्रूरतेविरुद्धचा कायदाही कडक झाला. तो लँकेस्टरमधूनच मरणाच्या दारात सापडलेल्या लिब्रे नावाच्या बोस्टन टेरियर पिल्लामुळे झाला. पण त्यासाठी उपासमार, जखमा, उपचार नाकारणं असं काहीतरी दिसावं लागतं. एक कुत्री सहा वर्षं शेडमध्ये राहून वेतामागून वेत देते, याला त्यात शब्द नाही.

एके दिवशी मुक्तानं विचारलं की पिंजरा केवढा असतो. फेडरल कायद्यात सूत्र आहे: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी इंचात मोजायची, त्यात सहा मिळवायचे आणि त्याचा वर्ग करायचा. बुंदी पूर्ण वाढली की साधारण १८ इंच होईल. म्हणजे २४ गुणिले २४, चार चौरस फूट. मुक्तानं स्वयंपाकघराच्या फरशीवर रंगकामाची पट्टी लावून तेवढा चौकोन आखला आणि त्यात मांडी घालून बसली. तिचे गुडघे बाहेर आले. बुंदीला वाटलं खेळ आहे, तीही आत शिरली. माझ्या नवऱ्यानं, समीरनं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला घेतली तर मुक्तानं काढू दिली नाही. आठवडाभर आम्ही त्या चौकोनाला वळसा घालून ओट्याशी जात होतो.

हे लिहिताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बहुतेक आमिश घरांत कुत्र्यांचा धंदा नाही. जिथे आहे, तिथे जमिनीचे भाव आभाळाला भिडलेले आणि दुधाचं गणित बसेनासं झालेलं, हे कारण शेतकऱ्याच्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. हा धंदा आमिश नसलेलेही करतात. आणि अकराशे डॉलर घेऊन त्यांच्या अंगणात मी गेले होते, ते माझ्या दारात आले नव्हते.

आमच्या व्हेटकडे काम करणाऱ्या एका मुलीनं अशीच वेतं संपलेली कुत्री रेस्क्यूमधून, म्हणजे सोडवलेल्या कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्या संस्थेतून, घेतली आहे. पहिले तीन आठवडे ती गवतावर पाय ठेवत नव्हती. उंबऱ्यापाशी यायची आणि थरथरत उभी राहायची. खालचे दात सगळे किडून गेलेले. आता ती जिना चढते, एवढं ऐकून मला त्या मुलीचे हात धरावेसे वाटले.

बाराव्या दिवशी चेक आला, पुरे अकराशे. सोबत रेघांच्या कागदावर सुबक अक्षरात पत्र होतं, पिल्लू बरं झालं हे ऐकून बरं वाटलं म्हणून. कायद्याच्या बाजूनं माझं काम तिथं संपलं. बुंदी तीन महिन्यांची झाल्यावर काउंटीतून तिचं लायसन्स काढलं. त्या पैशातूनच डॉग वॉर्डनांचं खातं मुख्यतः चालतं, हे कळल्यावर ते भरताना बरं वाटलं.

पोच म्हणून मी त्यांना चार ओळी लिहिल्या आणि शेवटी विचारलं, हिची आई कशी आहे?

उत्तर आलं. आई ठीक आहे. सहा वर्षांची आहे. पुढची पिल्लं मार्चमध्ये होतील, ओळखीत कुणाला हवी असतील तर कळवा.

मी उलट टपालानं लिहिलं की तुमचं तिच्याकडचं काम संपेल तेव्हा तिला आम्हाला द्या, आम्ही येऊन नेऊ, किंमत सांगाल ती देऊ. त्याला अजून उत्तर नाही. मार्च संपत आला आहे.