लिनक्सवर ब्राइटनेस कमी होईना: माझा अनुभव

नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. वाय-फाय, आवाज, टचपॅड सगळं पहिल्या फटक्यात चाललं. घोडं अडलं ते ब्राइटनेसपाशी. बटण दाबलं की पट्टी खाली सरकायची, उजेड मात्र ढिम्म. रात्री काम करताना डोळ्यांची नुसती आग. कस्टमर केअरने 'लिनक्सला आमचा सपोर्ट नाही' म्हणून फोन ठेवला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

जो तो एक्सरँडर ही स्क्रीन सेटिंगची कमांड वापरायला सांगतो. त्या नादी लागू नका. त्याने फक्त चित्र काळपट होतं. मागचा दिवा तेवढाच जळतो, बॅटरीही तेवढीच खातो.

कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, बॅकलाइटची (त्या मागच्या दिव्याची) सूत्रं साध्या फायलींत ठेवलीत: /सिस/क्लास/बॅकलाइट. माझ्याकडे तिथे एकच फोल्डर होतं, एसीपीआय_व्हिडिओ०. मॅक्स_ब्राइटनेस फायलीत १५, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाचा आकडा. ब्राइटनेस फायलीत ३ लिहिलं, कर्नलने निमूट घेतलं. परत वाचलं तर ३च. स्क्रीन तशीच लख्ख! एरर नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही. एरर आली असती तर निदान ती धरून शोधता आलं असतं. बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट केला, कर्नल बदलला, डेस्कटॉप बदलला. फरक शून्य.

उलगडा झाला त्याच फोल्डरातल्या 'टाइप' फायलीत. तिथे एकच शब्द होता: फर्मवेअर. म्हणजे माझा आकडा बायोसमधल्या एसीपीआय (वीज आणि हार्डवेअर सांभाळणाऱ्या) कोडकडे जात होता आणि तो कोड काहीच करत नव्हता. इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर पॅनेलचा दिवा थेट चालवू शकतो, त्याचा टाइप 'रॉ'. पण ६.१ आवृत्तीपासून कर्नल एका पॅनेलला एकच कंट्रोल ठेवायला बघतो, आणि माझ्या मशीनवर त्याने नेमका चुकीचा निवडला. बूटच्या ओळीत, म्हणजे सुरू होताना कर्नलला मिळणाऱ्या सूचनांत, एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह टाकलं. इंटेल_बॅकलाइट फोल्डर हजर, मॅक्स_ब्राइटनेस १९२००. बटण दाबलं आणि स्क्रीन खरोखर मंद झाली. इतकं हायसं वाटलं की मी ते बटण उगाचच कितीतरी वेळ दाबत बसलो.

हे आधी ग्रबच्या (लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेन्यूत 'ई' दाबून एका बूटपुरतंच करून बघा. जमलं तरच ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचं टाका आणि अपडेट-ग्रब चालवा.

हो, आणि हाताने आकडा लिहिताना 'सुडो एको' करून बाण (>) दिला तर परमिशन डिनाइड येणारच; सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं. फाइल उघडतं तुमचं शेल (कमांड वाचणारा प्रोग्रॅम), सुडो नाही. आकडा पाइप (|) करून 'सुडो टी'ला द्या, ती फायलीत लिहिते. ० चुकूनही लिहू नका, काही पॅनेलवर दिवा पूर्ण विझतो. रोजच्या वापराला ब्राइटनेससीटीएल ही कमांड बरी. बूटनंतर जुना ब्राइटनेस परत आणायला स्क्रिप्ट लिहायची गरज नाही, सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) तो स्वतःच जपून ठेवतो.