रतनवाडीतली तेऱ्याची भाजी

9 ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या आगेमागे कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. ट्रेक काढणाऱ्या आमच्या ऑफिसने त्याला रतनगड जोडला. शनिवारी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यात भाज्या घ्यायच्या, रात्री गडाच्या पायथ्याच्या रतनवाडीत स्वतः रांधायच्या, रविवारी गड. 'स्वतः रांधा' ही ज्याची आयडिया, तो ट्रेकला कधीच येत नाही. पोस्टर मात्र झकास करतो.

पुण्याची बावीस माणसं आणि मी लीडर. रतनगड पावसाळ्यात चढवणं म्हणजे खरं तर शिड्या सांभाळणं. लोखंड ओलं, बाजूचा कातळ शेवाळलेला, त्यात मागचा माणूस घाई करणारा. शिडीवर एका वेळी एकच, हा माझा नियम. बावीस जण वर जायला पाऊण तास गेला तरी चालेल. त्यामुळे शनिवारभर डोक्यात शिड्याच होत्या. भाज्या म्हणजे मला टाइमपास वाटत होता.

महोत्सवात करटुली, कुर्डू, टाकळा, भारंगी, चाईचा मोहोर असे वाटे मांडलेले. आमच्यातले निम्मे रील करण्यात गुंतले. ज्या बाईच्या वाट्याचं शूटिंग चाललंय, तिच्याकडून दहा रुपयांची भाजीही न घेता. मी तेऱ्याच्या आठ जुड्या घेतल्या. देणारी मावशी म्हणाली, "खाजरं आहे बरं का दादा. आंबट घातल्याशिवाय खाऊ नका." तिने चिंचेचा गोळा कागदात बांधून दिला, फुकट. मी "हो हो" म्हणत क्यूआर कोड शोधत होतो.

तेरं म्हणजे रानअळू. पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. चिरताना हाताला तेल लावायचं, चिंच किंवा आंबाडी घालायची आणि भाजी पार गाळ होईपर्यंत शिजवायची. हे सगळं मला ठाऊक होतं. माझी आजी अळूचं फदफदं चिंचेशिवाय करायची नाही.

रात्री पडवीत तीन चुली पेटल्या. जिच्याकडे आम्ही उतरतो ती काकू मागे भाकऱ्या थापत होती. तिला कुणी विचारलंच नाही, कारण कार्यक्रम 'स्वतः' रांधायचा होता. मी रविवारचा दोर तपासत बसलो. भाजीत लसूण पडला, मिरची पडली, एकाने चीजसुद्धा किसलं.

तिसऱ्या-चौथ्या घासाला एक मुलगी खाकरली. मग शेजारचा. मग ओळच. "घशात काटे रुतल्यासारखं होतंय," म्हणाली, आणि तिचा खालचा ओठ सुजायला लागला. मी ताटं बाजूला करायला लावली, एकेकाची जीभ टॉर्चने पाहिली, श्वास नीट चाललाय ना, गिळता येतंय ना विचारलं. ड्रायव्हरला गाडी राजूरच्या दिशेने वळवून ठेवायला सांगितलं. काकूने दह्याचं भांडं आणून पुढ्यात ठेवलं. तासाभरात बहुतेक सगळे शांत झाले; त्या मुलीचा ओठ मात्र सकाळपर्यंत तसाच होता.

काकूने पातेल्यात वाकून पाहिलं. "आंबट कुठंय ह्यात?"

दुसऱ्या टॉर्चचे सेल काढायला मी रेनकोटच्या खिशात हात घातला तेव्हा बोटांना चिकट लागलं. पुडी भिजून फाटली होती.

तेवढ्यात मुलीने विचारलं, "सर, काय चुकलं आमचं?"

"कच्ची राहिली," मी म्हणालो.

काकू माझ्या खिशाकडे बघत होती. काही बोलली नाही, उरलेली भाजी उकिरड्यावर टाकून आली.

रविवारी ती मुलगी अमृतेश्वराच्या देवळापाशीच थांबली. बाकी एकवीस जण नेढ्यापर्यंत, म्हणजे गडावरच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत, जाऊन आले, शिड्यांवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ऑफिसच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं: एका सहभागीस सौम्य ॲलर्जी. पुढच्या पावसाळ्याचं पोस्टर तयार आहे, 'स्वतः रांधा' त्यात अजून ठळक अक्षरात. लीडर म्हणून माझंच नाव आहे, आणि त्या रिपोर्टमधली ओळ मी अजून बदललेली नाही.