एका पॉन्टिअॅकसाठी दक्षिणेकडे

डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे, हजार फुटांहूनही खोल. हिवाळ्यात बर्फ हटवायला त्या मुलखातल्या रस्त्यांवर सतत मीठ पडतं आणि डेट्रॉइटनेच घडवलेल्या गाड्यांचा पत्रा ते मीठ खातं. ज्या मातीत या गाड्या जन्मल्या, तिथेच त्या आधी सडतात. म्हणून मिशिगनमध्ये ज्याला जुनी मसल कार, म्हणजे मध्यम आकाराच्या अंगात दांडगं इंजिन असलेली गाडी, वाचवायची असते, तो मीठ न लागलेल्या पत्र्यासाठी कधी ना कधी आय-75 महामार्ग पकडून दक्षिणेची वाट धरतो.

माझी गाडी होती 1968 ची पॉन्टिअॅक जीटीओ. पुण्याहून नोकरीसाठी मिशिगनला आलो, स्थिरस्थावर झालो आणि फ्लिंटबाहेर एका शेतावरच्या कोठारात ती मला दिसली. गवताच्या गठ्ठ्यांमागे, चारही टायर बसलेले, धुळीखाली तो खास पॉन्टिअॅकचा गडद हिरवा रंग. मी पहिल्यांदा पुढच्या काचेखालची, गाडीच्या ओळख-क्रमांकाची पट्टी पुसली. सुरुवात 24237. यातलं 242 म्हणजे अस्सल जीटीओ. 242 च्या जागी 237 असतं तर ती पॉन्टिअॅकचीच साधी ले मान्स, वरून जीटीओचे बिल्ले डकवलेली. असले प्रकार खूप चालतात. त्यापुढे 8, म्हणजे साल 1968, आणि मग अक्षर ‘पी’. पॉन्टिअॅक गावातल्याच कारखान्यात जोडलेली! ते गाव माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या तिथे बयाणा दिला.

मसल कार म्हणजे काय हे लोकांना खऱ्या अर्थाने जीटीओने दाखवलं, असं मी ठामपणे मानतो. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा पॉन्टिअॅकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टिअॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 च्या टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं 389 घनइंची व्ही-8 इंजिन बसवलं. त्याला नवं मॉडेल न म्हणता तीनेकशे डॉलर जादा मोजून घ्यायचा पर्याय म्हणून विकलं आणि नियमाला बगल दिली. पाच हजार खपल्या तरी पुरे असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी 32,450 गेल्या. माझ्या गाडीत 400 घनइंची, म्हणजे साडेसहा लिटरचं इंजिन होतं. पुढचा बंपर क्रोमचा नव्हता. तो एन्ड्युरा नावाच्या लवचिक मटेरियलचा आणि गाडीच्याच रंगाचा. हलका धक्का बसला तर दबून पुन्हा जागेवर यायचा. इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा टॅकोमीटर काचेबाहेर, थेट बॉनेटवर! रस्त्यावरची नजर न हटवता आरपीएम दिसायचे. इतकी देखणी कल्पना मला दुसऱ्या गाडीत क्वचितच सापडली.

पण पत्र्याची अवस्था वाईट होती. या गाड्यांत मागच्या काचेच्या कडेला चकचकीत स्टीलची पट्टी असते. तिच्या क्लिपांपाशी पाणी साचतं आणि काचेखालचा पत्रा आतून कुजत जातो. तिथून पाणी डिकीत उतरतं, डिकीचा तळ जातो, आणि मागच्या चाकांवरची कमान जिथे दोन पत्रे एकमेकांना भिडतात तिथे मीठ ठाण मांडून बसतं. मी स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच टोचलं तर पात्याची अर्धी लांबी आत गेली.

ऑक्टोबरात निघालो. सोबत दादरचा मित्र, त्याचा पिकअप, हत्यारांची पेटी आणि वहिनींनी बांधून दिलेल्या दशम्या. टोलेडो, डेटन, सिनसिनाटी. ओहायो नदी ओलांडली की केंटकीचे डोंगर हळूहळू सुरू होतात, टेनेसीत ते चांगलेच जवळ येतात, आणि चॅटनूगा मागे टाकलं की जॉर्जिया. सुमारे 700 मैलांच्या या वाटेवर मी पार्क केलेल्या गाड्यांचे चाकांवरचे पत्रे बघत होतो. जसजसं दक्षिणेला जावं, तसतशा जुन्या गाड्या धडधाकट दिसू लागतात.

जॉर्जियात व्हाइट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ओल्ड कार सिटीला आधी थांबलो. 1931 साली किराणा दुकान म्हणून सुरू झालेली ही जागा पुढे 34 एकरांचं गाड्यांचं जंगल झाली. चार हजारांहून जास्त गाड्या, बहुतेक 1972 च्या आधीच्या. पार्ट तिथे विकत नव्हते, नुसतं तिकीट काढून हिंडायचं, कॅमेरा असेल तर तिकीट जास्त होतं. एका गाडीचं इंजिन काढलेल्या जागेतून झाड वर गेलं होतं आणि वाढता वाढता त्याने बंपर उचलून धरला होता. एका जुन्या डॉजपाशी मित्र बराच वेळ रेंगाळला. त्याचे आजोबा कुर्ल्याच्या प्रीमिअर मोटार कारखान्यात होते, आणि तिथे एकेकाळी डॉज, प्लिमथ जोडल्या जायच्या. “आजोबांनी बघायला हवं होतं रे हे,” एवढंच म्हणाला.

खरं काम दुसऱ्या दिवशी, तिथून पुढच्या एका यार्डात. लाल मातीत, पाइनच्या सुयांखाली एक 68 ची ले मान्स उभी होती. या सुया ओल धरून ठेवतात, त्यामुळे तिचा तळ गेलेला होता. पण मीठ कधी लागलं नव्हतं, म्हणून वरचा पत्रा खणखणीत. ले मान्स आणि जीटीओची दारं, डिकीचं झाकण, काचेखालचा भाग एकमेकांना बसतात. बोल्टवर तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. सकाळी अर्ध्या इंचाच्या पान्याला ते मुकाट्याने सुटले. काचेखालचा पत्रा मात्र स्पॉट वेल्डिंगने जोडलेला. त्याचा एकेक ठिपका शोधायचा, ड्रिलने नेमका तेवढाच पोखरायचा, छिन्नी सरकवायची आणि पुढच्या ठिपक्यावर जायचं. दुपार त्यातच गेली. शेवटी पत्रा अखंड हातात आला आणि सांध्यातली, कधी ऊन न बघितलेली कारखान्याची बाजू नव्यासारखी निघाली. कोणा अनोळखी कामगाराच्या वेल्डिंगवर तेव्हा मी बोटं फिरवली. मोठ्या मायेने, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

परत आल्यावर वेल्डिंग आणि रंगात पूर्ण हिवाळा गेला. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तिथे गाडी घेऊन उतरलो. साठच्या दशकात याच रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या. फूटपाथवर खुर्च्या टाकून बसलेले कारखान्यांतले निवृत्त कामगार आवाजावरून इंजिन ओळखत होते. प्रदूषणाचे कायदे, विम्याचे वाढते हप्ते आणि 1973 चं तेलसंकट यांनी हा काळ संपवला. पुढे 2010 मध्ये पॉन्टिअॅक हे नावच बंद झालं.

मिशिगन सोडताना गाडी ओहायोतल्या एका तरुण मेकॅनिकला दिली. जास्त पैसे देणारा दुसरा होता, पण तो ती गॅरेजात झाकून ठेवणार होता. हा चालवणार होता. मागच्या वर्षी त्याचा फोन आला, डाव्या दाराच्या खालच्या कडेला फुगवटा दिसतोय म्हणून. मी त्याला जॉर्जियातल्या त्या यार्डाचा रस्ता समजावून दिला आणि आधी दाराखालची पाणी निघायची छिद्रं साफ कर म्हणून सांगितलं.