एल-रोई

आज दिवसभर मनात एकच नाव घोळतंय. सकाळी बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा १६ वा अध्याय वाचला. हागार ही मिसरी, म्हणजे इजिप्तची दासी, पोटुशी, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली. झऱ्यापाशी देवदूत तिला नावाने हाक मारतो. तिची मालकीण साराय आणि सारायचा नवरा अब्राम तर बोलताना तिला नुसतं ‘दासी’च म्हणतात! आणि मग तीच देवाला नाव देते: एल-रोई, मला पाहणारा देव.

एल-शद्दाय, म्हणजे सर्वसमर्थ देव, हे नाव पुढच्याच अध्यायात देव स्वतः अब्रामाला सांगतो. एल-रोई हे नाव मात्र एका पळून आलेल्या बाईच्या तोंडून आलेलं. कितीदा वाचलं असेल, पण आज तिथून पुढे जाववलं नाही. त्या झऱ्याच्या विहिरीलाही नाव पडलं, बैर-लहाय-रोई. पुढे अब्रामाचा मुलगा इसहाक त्या विहिरीजवळच राहिला.